सीमेवरच्या गावाचा आपत्ती प्लॅन कसा करायचा: गोव्यातल्या पेडणे, डिचोली, सत्तरी, काणकोणवाल्यांसाठी

दरवर्षी मे महिना आला की पंचायतीत आपत्ती व्यवस्थापनाची मीटिंग होते, चहा-भजी होतात, मागच्याच वर्षीच्या फायलीवर नवीन तारीख पडते आणि मिरग लागला की सगळे विसरून जातात. ती फाइल कधी उघडून बघा. फायर ब्रिगेडचा नंबर, पोलीस स्टेशनचा नंबर, शाळेच्या हॉलचं नाव, बस्स. गावाच्या वरच्या अंगाला काही किलोमीटरवर दुसरं राज्य सुरू होतं, आपल्याकडे येणारं पाणी तिथूनच येतं, आपली वीज, भाजी, दूध तिथूनच येतं, आणि त्यांचे पेशंट आपल्याकडे म्हापशाच्या नायतर बांबोळीच्या हॉस्पिटलात येतात, याचा फायलीत उल्लेखही नसतो.

तर हा लेख पंच, सरपंच, क्लबवाले, सेल्फ हेल्प ग्रुपवाल्या बायका, शाळेचे मास्तर अशांसाठी आहे, ज्यांना खरंच बसून काम करायचंय. सॉफ्टवेअर लागत नाही. वही, मोबाइल, प्रिंट केलेला एक नकाशा आणि तीन-चार रविवार लागतात.

पहिलं काम: हद्द विसरा, खोरं पकडा

आपण प्लॅन करतो पंचायतीच्या हद्दीचा. पाणी हद्दीने येत नाही, म्हणून आधी ठरवा की तुम्ही कुठल्या खोऱ्यात बसता.

गोव्याच्या उत्तरेला तेरेखोल नदी, वर सावंतवाडी-बांद्याचा भाग, खाली पेडणे. मग तिळारी, धरण दोडामार्ग तालुक्यात, नदी मणेरीकडून साळ, इब्रामपूर, हसापूर, चांदेल करत कोलवाळला येते आणि शापोरा म्हणून समुद्राला मिळते. म्हादईचा उगम कर्नाटकात खानापूर तालुक्यात, मग सत्तरी, पुढे मांडवी. साखळीची वाळवंटी, केरीजवळचं अंजुणे धरण हे चोर्ल्याच्या पायथ्याचं पाणी. दक्षिणेला काणकोणच्या तळपण-गालजीबाग नद्या आखूड आहेत, गोव्यातच उगवून गोव्यातच संपतात, पण तिथली माणसं कामाला, बाजाराला कारवारला जातात-येतात आणि हायवे एकच, म्हणजे तिथे शेजाऱ्याशी नातं पाण्याचं नाही, रस्त्याचं आहे.

हे शेवटचं नीट लक्षात घ्या, कारण सीमा ओलांडणाऱ्या गोष्टी तीन प्रकारच्या असतात: पाणी, रस्ता आणि तार. रस्त्यात रेल्वे धरा, तारेत वीज आणि मोबाइल टॉवरची केबल. नकाशावर निळ्या पेनाने पाणी, काळ्याने रस्ता, लाल पेनाने तार काढा, राज्याची सीमा जिथे जिथे कापली जाते तिथे गोल करा. तेवढे गोल म्हणजे तुमच्या प्लॅनचा गाभा. पत्रादेवी, पोळे, चोर्ला घाट, अनमोड घाट हे गोल जवळजवळ सगळ्यांच्याच नकाशावर येतील, मग तुमच्या गावचे छोटे कॉजवे, पायवाटा, साकव घाला.

दुसरं: काय काय होऊ शकतं, आणि पूर्वी काय झालंय

इथे इंटरनेट उघडण्याआधी गावातल्या ऐंशीच्या पुढच्या माणसांकडे जा. देवळाच्या कुठल्या पायरीला पाणी लागलं होतं, कुठल्या वर्षी कुळागर (सुपारी-नारळाची बाग) वाहून गेलं, कुठला डोंगर "हलतो" असं आजी म्हणायची. त्यांना साल आठवत नाही पण "थोरल्याच्या लग्नाच्या आदल्या वर्षी" असं आठवतं, ते लिहून घ्या, साल नंतर काढता येतं.

मग कागदावरचं. मामलेदाराच्या ऑफिसात नुकसानभरपाईचे पंचनामे असतात, ते मागा, आरटीआय करायची वेळ येऊ देऊ नका, चांगलं बोललं की देतात. दरडींसाठी भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचं भूकोश पोर्टल, जमिनीचा उतार आणि सॅटेलाइट फोटोसाठी इस्रोचं भुवन, समुद्रासाठी हैदराबादच्या इन्कॉइसचे इशारे, पावसासाठी हवामान खात्याचं पणजी केंद्र. सगळं फुकट आहे.

आपल्याकडची यादी साधारण अशी निघते: पूर, दरड, चक्रीवादळ, समुद्राची धूप आणि उधाण, वीज पडणं, वणवा, उन्हाळ्यातली पाणीटंचाई, आणि भूकंप. भूकंपाला लोक हसतात. गोवा भूकंपाच्या तिसऱ्या झोनमध्ये धरला जायचा, म्हणजे मध्यम, आणि १९६७ च्या डिसेंबरमधला कोयनेचा धक्का जुन्या लोकांना आठवतो. पण खरं सांगू, गावपातळीच्या प्लॅनमध्ये त्यावर अर्धं पान पुरे, शाळा आणि आरोग्य केंद्राची बिल्डिंग धड आहे का एवढं बघा आणि पुढे चला. त्सुनामीचं तसंच, १९४५ साली मकरान किनाऱ्याजवळच्या (आजच्या पाकिस्तानातल्या) भूकंपाने अरबी समुद्रात लाटा उठल्या होत्या त्यामुळे यादीत ठेवा, किनाऱ्यावरून उंचावर जायची वाट माहीत असली की झालं.

जिथे वेळ घालवायचा ते म्हणजे आधीच्या घटना. २ ऑक्टोबर २००९ ला काणकोणला ढगफुटीसारखा पाऊस झाला, गावंच्या गावं पाण्यात, आणि त्याच दिवशी पलीकडे कारवारजवळ कडवाड भागात दरड कोसळून माणसं गेली. पाऊस तोच, डोंगर तोच, पण गोव्याच्या आठवणीत तो पूर आहे आणि कारवारच्या आठवणीत ती दरड आहे. काणकोणचा प्लॅन करणाऱ्याने कारवारच्या दरडी बघितल्याच पाहिजेत, कारण तसलेच उतार आपल्याकडेही आहेत.

तिसरं, आणि इथेच खरी मेख: जोड्या लावा

बहुतेक प्लॅनमध्ये पूर एका पानावर, वादळ दुसऱ्या पानावर, दरड तिसऱ्या. प्रत्यक्षात ते असे रांगेत उभे राहून येत नाहीत.

जुलै २०२१ चं उदाहरण घ्या. चिपळूणला वाशिष्ठीचं पाणी चढलं, कोकण रेल्वेचा मार्ग बंद, म्हणून मंगळुरूहून मुंबईला निघालेली गाडी मडगावहून लोंढ्याच्या मार्गाने वळवली, आणि २३ जुलैला दूधसागर-सोनावळी पट्ट्यात दरड पडून तीच गाडी रुळावरून घसरली. चिपळूणचा पूर आणि दूधसागरची दरड यांचा एकमेकांशी काय संबंध असं कोणी आधी विचारलं असतं तर हसले असते लोक. त्याच दिवसांत सत्तरी, डिचोली, पेडणे सगळीकडे पूर होता, म्हणजे मदत मागायची तर कोणाकडे, सगळेच बुडालेले.

मे २०२१ चं तौक्ते वादळ घ्या. झाडं पडली, वीज कित्येक ठिकाणी दिवसच्या दिवस नव्हती, आणि कोविडची दुसरी लाट ऐन भरात, घरी ऑक्सिजन मशीनवर पेशंट.

जोड्या लावायची पद्धत सोपी आहे. मोठ्या कागदावर धोक्यांची यादी उभी लिहा आणि तीच आडवी लिहा, म्हणजे चौकटी तयार होतात. प्रत्येक चौकटीत एकच प्रश्न: हे झाल्यामुळे ते होईल का, किंवा हे चालू असताना ते आलं तर काय? अर्ध्या चौकटी रिकाम्या राहतील, राहू देत. पण काही भरतील त्या अशा:

वणवा आणि दरड. मार्च २०२३ मध्ये म्हादई अभयारण्यात वणवे लागले, हेलिकॉप्टरने पाणी टाकावं लागलं. जळलेल्या उतारावरचं झुडूप-गवत गेलं की पुढच्या पावसात माती सुटायला सोपी. म्हणजे मार्चमध्ये जिथे आग लागली ती जागा जूनमध्ये बघायच्या यादीत टाका.

पाऊस, धरणाचा विसर्ग आणि भरती. शापोरा खोऱ्यातल्यांनी हे पाठच करावं. कोलवाळच्या पुलाखाली भरतीचं पाणी रोज येतं. वरून तिळारीचा विसर्ग आणि दोडामार्ग भागाचा पाऊस उतरतोय, खालून भरती चढतेय, अमावस्या-पौर्णिमेला भरती-ओहोटीतला फरक दोन मीटरच्या आसपास जातो, तर मधल्या गावांचं पाणी जाणार कुठे? तेवढाच विसर्ग ओहोटीच्या वेळी आला तर शेतातून निघून जातो आणि भरतीला आला तर घरात शिरतो. आणि भरती रोज पाऊण-एक तासाने पुढे सरकते, त्यामुळे "मागच्या वेळी काही झालं नव्हतं" याला काडीचा अर्थ नाही. खाजन शेती (खाडीकाठी बांध घालून केलेली) असेल तर मानशीची, म्हणजे बांधातल्या पाण्याच्या फाटकाची, दारं कोण उघडतो-बंद करतो, बांध कुठे खचलाय, हेही याच चौकटीत.

पूर आणि रस्ता. ७ ऑगस्ट २०२४ च्या मध्यरात्रीनंतर कारवारजवळ काळी नदीवरचा जुना पूल कोसळला, नवा शेजारी होता म्हणून गोवा-कारवार वाहतूक फार काळ थांबली नाही. त्याआधी १६ जुलैला अंकोल्याजवळ शिरूरला हायवेवर दरड आली आणि रस्ता कित्येक दिवस बंद. दोन्ही घटना गोव्याबाहेरच्या, पण काणकोणच्या दुकानदाराला विचारा माल कधी आला ते. उत्तरेला जुलै २०२४ मध्येच पेडण्याच्या बोगद्यात पाणी शिरून कोकण रेल्वे अडकली होती, तेव्हा उलट आपल्यामुळे शेजारी अडकले.

तास मोजा

वर काही झाल्यापासून आपल्या दारात यायला किती तास लागतात? हा एक आकडा मिळाला तर अर्धा प्लॅन झाला असं मी म्हणेन, आणि तो कोणत्याही सरकारी फायलीत आयता मिळत नाही.

काढायचा कसा ते सांगतो. गावातल्या आणि वरच्या गावांतल्या लोकांकडून मागच्या पुराचे फोटो मागवा. व्हॉट्सअ‍ॅपवरून फिरत आलेले नकोत, त्यात वेळ बदलते, ज्याने काढला त्याच्या गॅलरीतला मूळ फोटो हवा, डिटेल्समध्ये तारीख आणि वेळ दिसते. मणेरी, साळ, इब्रामपूर, चांदेल, कोलवाळ असे नदीच्या क्रमाने फोटो लावा. प्रत्येक ठिकाणी पाणी रस्त्यावर आल्याचा पहिला फोटो किती वाजता? त्यांच्यातला फरक म्हणजे तुमचे तास. धरणातून पाणी सोडल्याचा मेसेज किती वाजता आला होता तोही जुन्या चॅटमध्ये सापडतो. दोन-तीन पुरांचं असं केलं की एक रेंज मिळते, "इतक्यापासून इतक्या तासांपर्यंत". प्लॅनमध्ये नेहमी कमीतला आकडा धरा. आणि त्या वेळी भरती होती की ओहोटी ते शेजारी लिहा, नाहीतर आकडा फसवेल.

दरडीला असे तास नाहीत. तिथे खुणा असतात: उतारावर नवी भेग, वाकलेली झाडं किंवा विजेचे खांब, झऱ्याचं पाणी अचानक गढूळ होणं, ओहोळाचं पाणी भर पावसात एकदम कमी होणं, घराचं दार चौकटीत अडकायला लागणं. यातलं काही दिसलं तर आधी उतारापासून दूर व्हा, खात्री नंतर करा. चिऱ्याच्या खाणी आणि खनिजाचे ढिगारे ज्या गावात आहेत त्यांनी पावसाळ्याआधी ते चालत फिरून बघायचे, खड्ड्यात साठलेलं पाणी कुठल्या बाजूने फुटू शकतं ते नकाशावर लिहायचं.

माणसं मोजा, पण कॅलेंडर घेऊन

कोणत्या घरात अंथरुणावरचं माणूस आहे, कोणाला डायलिसिस, कोणाला नववा महिना, किती गुरं, विहिरी कुठे, ट्रान्सफॉर्मर किती उंचीवर. हे सगळे करतात. राहतं ते बिनरेशनकार्डाची माणसं: बांधकामावरचे मजूर नदीकाठी झोपड्या बांधून राहतात, भाड्याच्या खोल्यांतली पोरं, किनाऱ्यावर शॅकमध्ये झोपणारे कामगार. पंचायतीच्या यादीत नाव नाही म्हणून पूर त्यांना सोडत नाही.

आणि संख्या वर्षभर एकच नसते. चवथीला (गणेश चतुर्थीला) घरात दुप्पट माणसं आणि पाऊस चालूच. मेमध्ये वादळाचा सीझन आणि हॉटेलं भरलेली. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद म्हणून होड्या वर ओढलेल्या, म्हणजे पुरात वापरायला होडी आणि होडेकरी दोन्ही गावातच सापडतात, हे चांगलं, फक्त त्यांची नावं आधी लिहून ठेवा. ऑगस्टपासून ते समुद्रात.

मार्क देताना घ्यायची काळजी

शक्यता १ ते ५, नुकसान १ ते ५, गुणाकार करायचा, ही पद्धत सगळीकडे शिकवतात. समजा नदीकाठच्या, मागे डोंगर असलेल्या एका वाड्याचं (वस्तीचं) केलं: पूर ४ गुणिले ४ म्हणजे १६, दरड २ गुणिले ५ म्हणजे १०, वादळ ३ गुणिले ३ म्हणजे ९, वणवा ३ गुणिले २ म्हणजे ६. मग सगळे पुराच्या मागे लागतात. पण पुराला तीन-चार तास मिळतात, दरडीला शून्य. म्हणून आणखी दोन रकाने घाला: "किती वेळ मिळतो" आणि "त्या वेळी बाहेरून मदत येईल का". दरडीने तोच एकमेव रस्ता बंद होणार असेल तर तिला वर आणा, गुणाकार काहीही म्हणू दे. जोड्यांनाही स्वतंत्र ओळ द्या, पूर-भरती वेगळी ओळ, वादळ आणि लाइट जाणं वेगळी.

सरासरी मात्र काढू नका. तीन वाड्यांची सरासरी मध्यम आली म्हणून गाव सेफ असं होत नाही, खालचा वाडा बुडायचा तो बुडतोच. सर्वात वाईट वाड्याचा आकडा हाच गावाचा आकडा.

मार्क एकट्याने देऊ नका. पलीकडच्या गावातल्या दोन माणसांना बोलवा, त्यांनी त्यांच्या बाजूचे मार्क द्यावेत. कुठे फार फरक पडला तर भांडा खुशाल, त्यातूनच कळतं की त्यांना काय दिसतं जे आपल्याला दिसत नाही.

कोण कोणाला फोन करणार

हवामान खात्याचे रंग सगळ्यांना माहीत आहेत पण पावसाचे आकडे माहीत नसतात: २४ तासांत ६४.५ मिलिमीटरच्या वर म्हणजे जोरदार, ११५.६ च्या वर अतिजोरदार, २०४.४ च्या वर अतिवृष्टीची शेवटची पायरी. तुमच्या प्लॅनमध्ये रंग नव्हे, काम लिहा. ऑरेंज आला की काय, रेड आला की काय, आणि सगळ्यात महत्त्वाचं, रंग यलोच आहे पण वरच्या गावातून फोन आला तर काय. माझं मत विचाराल तर वरच्या गावाचा फोन रंगापेक्षा मोठा धरावा. आणि फक्त गोव्याचा इशारा बघू नका, सिंधुदुर्ग, बेळगाव, उत्तर कन्नड या जिल्ह्यांचाही बघा, घाटावर कोसळला तर आपल्याकडे ऊन असतानाही नदी चढते.

पुलाच्या खांबावर पिवळी आणि तांबडी पट्टी मारून घ्या, संबंधित खात्याला विचारून. मेसेजचा साचा ठरवून ठेवा, गप्पा नकोत: "रात्री २.४०, पूल, पाणी तांबड्या पट्टीला, चढतंय, नाव." एवढंच. गुड मॉर्निंगच्या ग्रुपवर नाही, वेगळा ग्रुप, त्यात सीमेच्या दोन्ही बाजूचे दहा-बारा जण, त्यांच्याशिवाय कोणी टाइप करायचं नाही. महाराष्ट्राच्या बाजूला पोलीस पाटील असतो तो धरा, आपल्याकडे पंच किंवा तलाठी. आणि ग्रुपवर टाकलं म्हणजे कळवलं असं नाही, रात्री दोनला ग्रुप कोण बघतो, फोन करायचा आणि पलीकडच्याने "ऐकलं" म्हणेपर्यंत ठेवायचा नाही.

एक भानगड सीमेवरच्यांना माहीतच असेल. मोबाइल कधी आपल्या टॉवरला, कधी पलीकडच्या. आणीबाणीचा छोटा नंबर फिरवला तर कॉल कुठल्या कंट्रोल रूमला लागेल याची खात्री नाही. म्हणून दोन्ही जिल्ह्यांच्या कंट्रोल रूमचे पूर्ण नंबर एसटीडी कोडसकट लिहून भिंतीवर लावा. १०८ चंही तेच, अ‍ॅम्ब्युलन्स सेवा प्रत्येक राज्याची वेगळी. दोडामार्गचा पेशंट म्हापशाला आणायचा तर कोणाची गाडी कुठपर्यंत येणार, कुठे बदलायचा, हे आधी बोलून ठेवा. आपत्तीच्या इशाऱ्यांसाठी सचेत अ‍ॅप आणि वीज पडण्याच्या इशाऱ्यासाठी दामिनी अ‍ॅप टाका, पण बॅटरी आणि नेटवर्क दोन्ही गेल्यावर काय याचं उत्तरही लिहा: देवळाची घंटा, चर्चची घंटा, भोंगा, बाईकवरचा पोरगा, आणि कुठल्या आवाजाचा काय अर्थ.

कागदावर आणायचं

२००५ च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्याप्रमाणे राज्य आणि जिल्हा पातळीवर प्राधिकरणं आहेत. दोन गावांनी आपापसात ठरवलेलं चांगलंच, पण बुलडोझर, बोटी, पोलीस सीमा ओलांडून यायचे तर दोन जिल्हाधिकाऱ्यांचं बोलणं लागतं. तुमचा प्लॅन मामलेदारामार्फत जिल्ह्याला द्या, पलीकडच्यांनी तहसीलदारामार्फत, आणि दोन्ही अर्जांत एकमेकांचा उल्लेख करा. पोच घ्या. मागण्या मोजक्या ठेवा: विसर्गाची सूचना खालच्या पंचायतींना थेट मिळावी, सीमेवरच्या चेकपोस्टवर आपत्तीत गाड्या अडवू नयेत, वर्षातून एकदा जॉइंट मीटिंग.

म्हादईच्या पाणीवाटपाचं गोवा-कर्नाटकातलं भांडण या कागदात आणू नका. त्यावर तुमचं-माझं मत ठाम असेलही, पण पाण्याची पातळी रात्री दोन वाजता कळवणाऱ्या खानापूरच्या माणसाला त्या वादात ओढलं तर पुढच्या वेळी तो फोन उचलणार नाही.

ट्रायल

मेच्या शेवटच्या आठवड्यात, रात्री. दिवसा घेतलेली ड्रिल म्हणजे फोटोसेशन. लाइट घालवा, वरच्या गावातून एक फोन येऊ द्या, आणि घड्याळ लावा: शेवटच्या घरातलं शेवटचं माणूस शाळेत पोचायला किती वेळ लागला? हा वेळ आणि वर काढलेले "तास" समोरासमोर ठेवा. पाणी तीन तासांत येतं आणि गावाला साडेतीन लागतात, असं निघालं तर निघण्याचा सिग्नल पिवळ्या पट्टीवर आणा, तांबड्यावर ठेवू नका. शाळेतले संडास चालू आहेत का, गुरं कुठे बांधणार, हे त्याच रात्री कळतं, कारण गुरांसाठी निम्मे लोक घर सोडत नाहीत आणि त्यात त्यांची चूकही नाही.

पावसाळा संपला, चवथ झाली की परत बसा. नवीन फोटोंचे टाइम चढवा, बदललेले फोन नंबर खोडा, पलीकडचा पोलीस पाटील बदलला असेल तर नव्याला भेटून या, आणि फायलीची एक कॉपी त्याच्याकडे ठेवून या.